मूळ कागदपत्रांसह

नाशकाबाहेर मखमलाबाद ओलांडून कॅनॉलच्या कडेने गेलं की वाल्मीक मंडलिकचा मळा लागतो. शेवंती, झेंडू, लिली आणि बांधाला थोडी कोथिंबीर, एवढा त्याचा व्याप. माणूस मुलखाचा अबोल. फूलबाजारात आडत्याने भाव सांगितला की हा मान हलवणार, नाही पटला तर गाठोडं उचलून पुढच्या गाळ्यावर जाणार. त्याला घासाघीस करताना कुणी पाहिलं नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला त्याचा आवाज ऐकू यायचा तो फक्त वाढप्याला ‘पुरे’ म्हणताना.

बायको चतुराबाई मात्र बोलघेवडी, आणि मुलगी योगिनी आईवर गेलेली. या दोघी फुलं ओवायला बसल्या की दोऱ्याबरोबर गप्पाही लांबत जायच्या. कॉलेजातली भांडणं, मैत्रिणींची लग्नं, कुणाच्या सासूचं काय, सगळं तिथे चालायचं. वाल्मीक ओट्यावर टेकून ऐकायचा. त्याचं मुलीशी बोलणं म्हणजे ‘जेवलीस का’ आणि ‘गाडीत पेट्रोल हाय का’. एकुलती एक पोर, तिच्यावर त्याचा जीव होता. पण जीव आहे हे सांगायचं कसं, हे त्याला कधी साधलं नाही आणि तिनेही त्याची कधी वाट पाहिली नाही.

योगिनीने शहरातल्या कॉलेजातून बी. एस्सी. केलं, गणित घेऊन. मग वर्षभर अंबडच्या एका कारखान्यात नोकरी धरली. आलेल्या-गेलेल्या मालाचे आकडे दिवसभर संगणकात भरायचे, एवढंच काम. त्या कारखान्याचा सगळा माल, हजेरी, पगार ज्या प्रणालीवर चालायचा ती बनवणारी माणसं अधूनमधून यायची, काचेच्या खोलीत बसायची आणि जायची. त्यांना काय येतं जे आपल्याला येत नाही, हे तिने एकदा त्यांच्यातल्याच एका बाईला विचारलं. ती बाई म्हणाली, एमसीए कर.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळी वाल्मीक मळ्यातलं पाणी बदलून घरी आला, तर योगिनी त्याच्यासाठी थांबलेली. चतुराबाईला तिने आधीच सांगून झालं होतं.

“अण्णा, मला एमसीए करायचंय.”

“कर की,” वाल्मीक म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

ती पाठोपाठ गेली. मग तिने त्याला सगळं समजावलं. पदवीला निम्म्याच्या वर टक्के लागतात, ते होते. गणित असलं तर उत्तम, तेही होतं. तिची मैत्रीण वैष्णवी हिला गणित नव्हतं, तिला प्रवेशानंतर जादा अभ्यास करून भर काढावी लागणार होती. प्रवेश परीक्षा द्यायची, तिचं योगिनी पाहून घेणार होती. अडचण होती ती कागदांची. जातीचा दाखला होता, पण त्याची वैधता काढलेली नव्हती, बी. एस्सी.ला ती कुणी मागितली नव्हती. नॉन-क्रिमिलेअर काढायचं होतं. अधिवासाचा दाखला काढायचा होता. आणि यातला प्रत्येक कागद बापाच्या आणि आज्याच्या कागदावर उभा राहणार होता.

“तुमच्याशिवाय माझं काहीच सिद्ध होत नाही,” ती हसून म्हणाली.

वाल्मीक टॉवेलने पाय पुसत राहिला. मुलीला आपली कशासाठी तरी गरज आहे, हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

तिथून त्या दोघांची फिरती सुरू झाली. बाजार उरकून तो घरी यायचा, धुतलेला पांढरा शर्ट घालायचा आणि योगिनीच्या स्कूटरवर मागे बसायचा. सेतू केंद्र, तहसील, तलाठी, पुन्हा सेतू. कुठे साहेब दौऱ्यावर, कुठे सर्व्हर बंद. योगिनी चिडायची, हा बाकावर शांत बसून राहायचा. बसल्या बसल्या काय करणार, म्हणून ती बोलायला लागली आणि तो उत्तरं द्यायला लागला.

पहिला घोळ निघाला तो त्याच्या नावाचा. शाळेच्या दाखल्यावर वाल्मिक, आधारवर वाल्मीक. इंग्रजीत एकीकडे व्ही, एकीकडे डब्ल्यू. कार्यालयातला कारकून म्हणाला, ही दोन माणसं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र आणा. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टायपिस्ट बसतात, त्यांच्यातल्या एकाने ते करून दिलं. योगिनीने ते वाचलं आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. परतीच्या वाटेवर सिग्नलला थांबल्यावर मान मागे वळवून म्हणाली, “अण्णा, आजपासून तुम्ही कायद्यानं एक झालात.” वाल्मीकलाही हसू आलं. शेजारच्या रिक्षातला माणूस त्या दोघांकडे बघत राहिला.

मग आज्याचा पुरावा. वाल्मीकचा बाप भिमाजी मूळचा लासलगावकडचा. तिथल्या एका खेड्यातल्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेला. त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात नोंद सापडली तर वैधतेचं काम सोपं होणार होतं. दोघं नाशकातल्या द्वारका चौकात गेले. उड्डाणपुलाखाली गाडीची वाट बघत उभे असताना योगिनीने पाववडे घेतले. एक त्याच्या हातात दिला. गाड्यांच्या आवाजात ओरडून तिने विचारलं, आजोबांनी शाळा का सोडली?

मग वाल्मीकने सांगितलं. भिमाजीची आई गेली, घरात पाण्याला माणूस नव्हतं, म्हणून पोराला शाळेतून काढलं. पुढे भिमाजी एका मळेवाल्याकडे मजुरीला म्हणून नाशकात आला आणि इथलाच झाला. सही करताना तो नाव पूर्ण लिहायचा नाही, ‘भिमा’ एवढंच लिहून थांबायचा, कारण ‘जी’ त्याला शेवटपर्यंत जमला नाही. हे सगळं वाल्मीकने याआधी चतुराबाईलाही सांगितलेलं नव्हतं. लपवायचं होतं म्हणून नव्हे, कुणी विचारलं नव्हतं म्हणून.

त्या खेड्यातल्या मुख्याध्यापक बाईंनी कपाटातून रजिस्टर काढून दिलं. नोंद होती. योगिनीने बोट ठेवून आजोबांचं नाव वाचलं आणि बापाकडे पाहिलं. वाल्मीकने टोपी काढली आणि पुन्हा घातली. परत येताना लासलगावात बाजार समितीसमोर कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडलेला. गाडी बराच वेळ एका जागी उभी. योगिनीने तेवढ्यात विचारलं, तुम्ही का नाही शिकलात पुढे? तर म्हणाला, दहावीला गणितात गेलो. ती म्हणाली, मग माझं गणित आलं कुठून? त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “आईकडनं. ती हाराचा हिशोब तोंडानं करती, मला कागूद लागतो.”

परीक्षा झाली. निकाल लागला, तो तिच्या अपेक्षेपेक्षा बरा लागला. वैधताही पावसाळ्याच्या तोंडावर हातात पडली. निळ्या रंगाच्या फायलीत योगिनीने सगळे कागद क्रमाने लावले आणि ऑनलाइन अर्ज भरला. आपला मोबाईल अधूनमधून दगा देतो म्हणून नंबर तिने बापाचा दिला. आता राहिली होती ती फक्त कागदांची पडताळणी. मूळ कागद घेऊन सुविधा केंद्रावर जायचं, ते तपासतील, मग गुणवत्ता यादी, मग कॉलेज.

आषाढ सरत आला आणि तिला ताप आला.

गावात बऱ्याच घरांत ताप होता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. औषध आणलं, ताप उतरला, पुन्हा चढला. मग अंग दुखायला लागलं, हातावर लाल ठिपके दिसले. दवाखान्यात नेलं तेव्हा डेंग्यू निघाला. प्लेटलेट चढवल्या. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, वाल्मीकने त्यांना कधी बोल लावला नाही. चतुराबाई उशाशी, हा खिडकीपाशी उभा. एका दुपारी योगिनीला जरा हुशारी वाटली तेव्हा तिने त्याला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

“अण्णा, तारखेचा मेसेज तुमच्या मोबाईलवर येईल. मला नाही जमलं तर तुम्ही फाईल घेऊन जा. मूळ कागद न्या, झेरॉक्स नाही चालणार.”

“जातो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिचं रक्त थांबेना. त्यानंतरचं वाल्मीकला नीट आठवत नाही. चतुराबाईला सगळं आठवतं, आणि ते ती कुणाला सांगत नाही.

नाशकातच गंगेवर दहावा झाला. मंडळी पांगली. घरात दोघंच उरली आणि घर एकदम सुनं सुनं झालं. चतुराबाईचं बोलणं बंद पडलं होतं. ती फुलं ओवायची, पण मुकाट्याने. शेवंतीच्या रोपांना शेंडे खुडायची वेळ आली होती, ते काम वाल्मीक एकट्यानेच करत होता. आणि तिथे, सरीत वाकलेला असताना, खिशातला मोबाईल वाजला. त्याने चिखलाचे हात शर्टाला पुसले आणि डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. उमेदवाराने अमुक दिवशी सुविधा केंद्रावर मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे.

तो बांधावर बसून राहिला. मग मोबाईल खिशात ठेवला आणि राहिलेली सरी पुरी केली.

चतुराबाईला त्याने सांगितलं नाही. फाईल तिने कपाटात आपल्या लुगड्यांखाली ठेवली होती. पडताळणीच्या दिवशी ती विहिरीकडे गेल्यावर त्याने फाईल काढली, मृत्यूचा दाखला तिच्यात घातला, पांढरा शर्ट चढवला आणि मोटारसायकलवरून निघाला. आपण काय करायला चाललोय, हे त्याला पुरतं ठाऊक नव्हतं. पोरीला जातो म्हणून सांगितलं होतं, एवढं खरं. शिवाय नाव यादीत अडकून राहिलं तर दुसऱ्या कुणा पोराचा नंबर मागे जाईल, आणि ते योगिनीला आवडलं नसतं, असंही त्याने रस्त्यात मनाशी धरलं.

केंद्र गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात होतं. व्हरांड्यात रांग लागलेली. पोरं-पोरी, सोबत कुणाची आई, कुणाचा भाऊ. सगळ्यांच्या छातीशी फायली. वाल्मीकच्या पुढे सटाण्याकडची एक बाई लेकीला घेऊन उभी होती. लेकीचं नॉन-क्रिमिलेअर जुनं होतं की नवं, यावरून दोघींची कुजबुज चाललेली. शेवटी त्या बाईने मागे वळून वाल्मीकला विचारलं, तुम्ही कुठल्या सालाचं आणलंय? त्याने फाईल उघडून तारीख दाखवली. बाईने ती आपल्याशी ताडून पाहिली आणि हुश्श केलं. मग सहज म्हणाली, “तुमची पोरगी दिसत नाही?”

“मागून येतेय,” वाल्मीक म्हणाला.

त्याच्या तोंडून हे गेलं खरं. रांग सोडून निघून जावं असं वाटलं. पण त्याच्या मागे आता माणसं उभी राहिली होती, आणि पुढची बाई त्याची जागा धरल्यासारखी त्याच्याकडे बघून हसत होती. तो तसाच उभा राहिला.

टेबलामागे तिशीतल्या एक मॅडम होत्या. गळ्यातल्या ओळखपत्रावर सुवर्णा असं नाव. सकाळपासून तेच ते प्रश्न विचारून त्यांचा आवाज बसला होता. मान वर न करता त्यांनी हात पुढे केला, “अर्ज क्रमांक? उमेदवार कुठाय?”

वाल्मीकने फाईल टेबलावर ठेवली. वाकून, मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, “मॅडम, मुलगी वारली माझी. नाव काढून टाकायला काय काय लागतं, तेवढं सांगा.”

सुवर्णा मॅडमनी वर पाहिलं.  मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढून त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

“काही लागत नाही, काका,” त्या हळूच म्हणाल्या.

“अर्ज लिहून आणायचा का?”

“नाही.”

“मृत्यूचा दाखला आणलाय मी. मूळच हाय.”

“तोही नको. पडताळणी झाली नाही की तारीख संपल्यावर नाव आपोआप निघून जातं. तुम्हाला यायचीसुद्धा गरज नव्हती.”

त्यांनी हे धीर द्यायला म्हटलं होतं. पण वाल्मीक तिथेच खिळून राहिला. सहा-सात महिने एकेका कागदासाठी त्याने आणि पोरीने उंबरे झिजवले होते. तिचा जन्म, तिचं गाव, तिची जात, तिचा आजा, एकूणएक गोष्ट शिक्क्यानिशी पटवून द्यावी लागली होती. आणि आता ती नाही म्हटल्यावर कुणाला काही दाखवायचं नव्हतं. कुठे सही नको, कुठे अंगठा नको. त्याला वाटलं, निदान एखादा कागद तरी मागायला हवा होता यांनी. तो आणण्यासाठी त्याने पुन्हा सगळी कार्यालयं पालथी घातली असती.

मागून कुणीतरी वेळेबद्दल पुटपुटलं. वाल्मीकने फाईल उचलायला हात घातला, आणि थांबला.

“मॅडम, आणलंच हाय तर एकदा बघून घ्या. बरोबर लागलंय का, तेवढंच.”

सुवर्णा मॅडमनी रांगेकडे पाहिलं, मग फायलीकडे. चष्मा सारखा केला आणि फाईल उघडली. घाईघाईने चाळली नाही. इतर उमेदवारांची तपासतात तशी त्यांनी तपासली. दहावीची गुणपत्रिका, बारावीची, पदवीची; बारावीच्या गुणपत्रिकेवर गणिताच्या ओळीखाली पेन्सिलीचं टोक फिरवलं. अधिवास. जातीचा दाखला. वैधता उजेडाकडे धरून शिक्का पाहिला. प्रतिज्ञापत्र आलं तेव्हा विचारलं, हे कशाचं? वाल्मीकने सांगितलं, माझ्या नावाचं. त्यांनी दोन्ही नावं जुळवून पाहिली आणि मान डोलावली. मागची माणसं आता गप्प झाली होती. काय चाललंय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे कळलं असावं.

शेवटचा कागद पाहून मॅडमनी सगळे पुन्हा क्रमाने लावले आणि फाईल दोन्ही हातांनी त्याच्याकडे दिली.

“सगळं बरोबर आहे, काका. एकही कागद कमी नाही. पडताळणी झाली असती.”

“बरं,” वाल्मीक म्हणाला. आणि बाहेर आला. व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, तिथे त्याने तोंडावर पाणी मारलं. सटाण्याची बाई आणि तिची लेक पायरीवर डबा सोडून बसल्या होत्या. बाईने विचारलं, झालं का तुमचं? त्याने मान हलवली आणि तो फाटकाकडे चालू लागला.

घरी आला तर दारातच चतुराबाई. कपाट उघडं, लुगडी खाली पसरलेली. फाईल जागेवर नाही म्हणून तिने घर उलटंपालटं केलं होतं. त्याच्या हातात फाईल दिसली तशी तिने ती हिसकावली आणि उराशी धरली. कुठे नेली होती, म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं की ती रडेल. ती रडली नाही. इतक्या दिवसांत साठलेलं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

“तुम्हाला सहा-सात महिने मिळाली ती. रोज उठून तुमच्यासंगं. मला म्हणायची, आई, आल्यावर सांगते, आणि आल्यावर झोपून जायची. मी म्हणायची, जाऊ दे, पुढं हायच की आपल्याला वेळ. अन् आता तिथंबी तुम्ही एकलेच जाऊन आलात.”

वाल्मीक खाली बसून पसरलेली लुगडी गोळा करायला लागला. ती म्हणत होती ते खरं होतं. ती फिरती म्हणजे आपल्या वाट्याला आलेलं घबाड होतं, हे त्यालाही आतून माहीत होतं, आणि ते चतुराबाईच्या वाट्यातून आलं असेल हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पुढचे काही महिने दोघं एका घरात राहिली, एवढंच म्हणता येईल. दसरा आला. झेंडूला त्या वर्षी भाव चांगला होता. वाल्मीकने मजूर लावून तोडणी केली, बाजार केला. चतुराबाई मळ्यात उतरली नाही. दिवाळीत त्यांनी दार लोटूनच ठेवलं.

दिवाळीनंतर वैष्णवी आली. योगिनीच्या बरोबरीने परीक्षा दिलेली ती मैत्रीण. तिला प्रवेश मिळाला होता, कॉलेज सुरू झालं होतं, पण हे या घरात सांगायचं कसं, म्हणून ती इतके दिवस आली नव्हती. आली तीही ओट्याच्या कडेला टेकून राहिली, पाण्याचा पेला हातात घेऊन. चतुराबाईने तिला आत ओढून बसवलं आणि सरळ विचारलं, “मिळालं ना गं तुला?” वैष्णवीने मान खाली घालून हो म्हटलं. चतुराबाई उठली, योगिनीची गणिताची पुस्तकं आणि वह्या काढून आणल्या आणि तिच्या पुढ्यात ठेवल्या. तुला गणित नव्हतं ना, तुला लागतील म्हणाली. वैष्णवीने त्या मांडीवर घेतल्या आणि ती हमसून रडायला लागली. वाल्मीक दाराशी उभा होता. थोड्या वेळाने त्याने तिला विचारलं, तिथे शिकवतात काय? डोळे पुसत तिने सांगितलं. मोठ्या कारखान्यांत, बँकांत, दवाखान्यांत जी माहिती साठते ती कशी मांडायची, कुणाला काय दिसावं, काय पुसलं जाऊ नये. वाल्मीकला त्यातलं थोडंच कळलं, पण त्याने सगळं ऐकून घेतलं.

ती गेल्यावर संध्याकाळी चतुराबाई ओवायला बसली. लिलीच्या कळ्या होत्या. तो नेहमीसारखा ओट्यावर टेकला. तिने सुईत दोरा घातला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “सांगा आता. पहिल्यापासून सांगा. कुठं कुठं गेलात.”

वाल्मीकने घसा साफ केला. सांगायची सवय नव्हती, त्यामुळे सुरुवात अडखळत झाली. त्या संध्याकाळी तो तहसीलपाशीच थांबला. दुसऱ्या दिवशी पुढे सांगितलं. प्रतिज्ञापत्र सांगितलं, सिग्नलवर ती काय म्हणाली ते सांगितलं. चतुराबाई मध्येच अडवायची: तिनं कोणता ड्रेस घातला होता? पाववडा एकच खाल्ला का दोन? मिरची काढून टाकली असेल. तो आठवून आठवून सांगायचा. जे आठवत नव्हतं तिथे आठवत नाही म्हणायचा. मनचं काही घालायचा नाही. असं बरेच दिवस चाललं. भिमाजीची सही, लासलगावचे ट्रॅक्टर, मुख्याध्यापक बाईंचं कपाट, सगळं सांगून झालं. आणि एका संध्याकाळी तो केंद्रावरच्या नळापर्यंत आला, तोंड धुतल्याचं सांगितलं आणि थांबला.

“मग?” चतुराबाईने विचारलं.

“एवढंच हाय. संपलं.”

तिची सुई थांबली.  मग ती म्हणाली, “एक मला ठाव हाय, तुम्हाला नाय. सांगू?”

त्याने मान हलवली.

“ती इथं राहणार नव्हती. डिग्री झाली का पुण्याला नाहीतर बंगळुरूला जायचं, असं तिचं ठरलं होतं. मला म्हणाली होती, अण्णांना आत्ताच सांगू नको. आत्ता कुठं बोलायला लागलेत, पुन्हा गप होतील.”

वाल्मीक समोरच्या शेवंतीकडे बघत होता. फुलं भरात होती, उजेड उतरला तरी पिवळा रंग अजून दिसत होता.

“मला ठाव होतं,” तो म्हणाला.

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाय. एवढे कागद गोळा करायला लागल्यावर कळतंच का माणूस निघालंय.”

“अन् तरी तुम्ही तिच्यासंगं फिरत राहिलात?”

“मंग काय करणार,” तो म्हणाला.

चतुराबाईने गाठ मारून दोरा तोडला आणि ओवलेली लड ओल्या फडक्यात गुंडाळली. टोपलीत अजून कळ्या होत्या. ती थोडी सरकली आणि तिने दुसरी सुई त्याच्या बाजूला ठेवली. ओवणं हे त्याचं काम नव्हतं, त्याची बोटं जाड आणि चरे पडलेली. त्याने सुई घेतली, दोरा घालायचा दोन-तीनदा प्रयत्न केला, जमला नाही. तिने ती त्याच्या हातून घेतली, दोरा घालून परत दिली, आणि कळी कुठे टोचायची ते दाखवलं.